शिंगी थांबली तेव्हा

"ढगाचा रंग पाह्य व फुला," सोनाबाई कुडापलीकडून म्हणाली. "खालून हिरवा झाला. माह्या जन्मात असा नाई पाह्यला."

मी अंगणात वाळत घातलेली तुरीची डाळ सुपात भरत होते. माघ उतरणीला लागला होता. आठवडाभर अशी थंडी की रांजणात हात घातला तर कोपरापर्यंत कळ जायची. गुरं सकाळी गोठ्यातून बाहेर पडायला मागत नव्हती. त्या दुपारी मात्र अंगाला चिकट उबारा लागत होता आणि कावळे बोलायचे थांबले होते. गावंड्यांच्या संत्र्याच्या बागेमागं ढग उभा होता. पसरलेला नाही, उभा. भिंत बांधावी तसा.

डाळ तशीच टाकून मी घरात गेले. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सदरा काढून खुंटीला लावलाही होता आणि ते चुलीतली राख कपाळाला फासत होते.

आमचं घर गारपगाऱ्याचं. गार अडवणं हे त्यांचं काम. ढग आला की मारुतीच्या ओट्यावर उघड्या अंगानं उभं राहायचं आणि हरणाच्या शिंगाची शिंगी फुंकत राहायचं, ढग फिरेपर्यंत. बदल्यात सुगीला घराघरातून सूपभर ज्वारी यायची. मी लग्न होऊन आले तोवर सुपाची ओंजळ झाली होती आणि मामाजींचं नाव गोमाजीबुवाचं गोम्या. माझ्या माहेरी हे काम आजोबांबरोबरच संपलेलं. माझा बाप एसटीत कंडक्टर. ढग एका म्हाताऱ्याचं ऐकतो यावर माझा विश्वास नव्हता, पण नव्या सुनेचा विश्वास कोण विचारतो?

"मामाजी, खोकला हाय तुम्हाले, ताप बी हाय. रात्रभर छाती वाजत होती."

"ढगाले सांग," ते म्हणाले.

घरात आम्ही दोघंच. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या. माझा नवरा दयाराम ट्रकवर क्लीनर होता, संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला गेलेला.

तेवढ्यात केशवराव गावंडे धापा टाकत दारात आले. गावातली सगळ्यात मोठी बाग त्यांची. चपला पायात नव्हत्या. गेल्याच पोळ्याला चावडीत चारचौघांत म्हणाले होते, गोम्याची शिंगी आता शाळेतल्या पोरायले भोंगा म्हणून द्या, पाऊस-गार रेडिओ सांगते.

"गोमाजीबुवा, उभे रायता ना?"

"रेडिओ काय म्हणते, पाटील?"

"थट्टा नका करू. मृगबहाराचं फळ हाय झाडावर. तोडा चालू हाय. मनोहर तिकडंच हाय."

मनोहर त्यांचा धाकटा भाऊ. चोविसेक वर्षांचा, गावात बूट घालून फिरणारा एकटाच.

मामाजींनी शिंगी गळ्यातून काढून हातात घेतली. "त्याले घरी बोलवा," ते म्हणाले.

"तुमची शिंगी वाजून रायली तर कायले बोलवू? तुमी उभे असताना गावात कव्हा पडली गार?"

"बोलवा त्याले, पाटील," मामाजी पुन्हा म्हणाले आणि बाहेर पडले.

आमच्या दारातून ओटा समोर दिसायचा; मधे नुसतं मैदान आणि एक कडुनिंब. मामाजी वर चढले, ढगाकडं तोंड केलं आणि शिंगी लावली. तो आवाज काही मोठा नव्हे. वासरू हरवलेल्या गाईसारखा, लांबट आणि जरा फाटलेला. पण घरोघरी बाया थांबून ऐकू लागल्या. वाळवण काढणाऱ्यांचे हात सावकाश झाले. माझ्याच डोळ्यांदेखत एक जण निम्मी गुरं आत बांधून उरलेली बाहेर ठेवून विडी ओढत बसला.

पहिल्या गारा बोराएवढ्या. सोनाबाईच्या नातीनं दोन उचलून तोंडात टाकल्या. मग आवळ्याएवढ्या. मग कडुनिंबातून पानं नाही, फांद्या खाली येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर राघू. हिरवे राघू पटापट पडत होते, पिकली फळं झाडावी तसे. आमच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर कुणी दगडांची गाडी रिकामी करतंय असा आवाज. एक गार छपर फोडून चुलीपाशी पडली, कवठाएवढी, आणि तिच्याबरोबर कवेलूचे तुकडे माझ्या दंडाला लागले. सोनाबाईची शेळी दाव्याला बांधलेली होती. ती दोनदा ओरडली. तिसऱ्यांदा नाही.

त्या सगळ्या आवाजातही शिंगी ऐकू येत होती.

मी दारातून पाहिलं. मामाजी उभेच. डोक्यातून रक्त येऊन राखेत मिसळलेलं, कपाळ लाल चिखलाचं. एक गार उजव्या खांद्यावर बसलेली मी पाहिली. हात एकदम लोंबला, बाहुलीचा दोरा तुटावा तसा. त्यांनी शिंगी डाव्या हातात घेतली आणि पुन्हा लावली.

मी लोखंडी घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि धावले.

पायाखाली गारांचा थर, त्यावर पाय ठरेना. घमेल्यावर गारा अशा आदळत होत्या की माझ्याच कवटीत कुणी घण घालतंय असं वाटे. दोनदा पडले. ओट्यापाशी पोचले आणि त्यांच्या धोतराचा सोगा धरला.

"घरी चाला."

"जाय तू," त्यांनी शिंगी तोंडापासून बोटभर काढली. "सोड मले. जो ओढील त्याले इथं उभं राहा लागते. रीत हाय."

"मराल इथं."

"शिंगी थांबली त लोकं—" एवढं बोलून त्यांनी पुन्हा फुंकली.

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि ओढलं. म्हातारा माणूस, ताप अंगात, पण ओट्यातूनच उगवल्यासारखा हलेना. मी आणखी जोर केला. घमेलं घरंगळून गेलं. ते गेल्याचा आवाज मला आठवतो.

त्यानंतर पांढरं. दुसरं काही नाही.

पुढं आठवतं ते आमच्या घरातली जमीन, तोंडात मातीची आणि रक्ताची चव, आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसलेले मामाजी. ते धापा टाकत होते आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. बाहेर अजून कोसळत होतं.

"आणलं बाई तुम्हाले," मी म्हणाले. मला माझाच अभिमान वाटला. एवढ्या गारांतून गडी माणूस ओढून आणला.

मामाजी माझ्याकडं बघत राहिले.

"हं," ते म्हणाले.

गार थांबली तेव्हा एकदम थांबली. मग जी शांतता आली तिच्यात कुठंतरी पाणी गळत होतं आणि कुणाचं तरी जनावर हंबरत होतं, एवढंच. मी दारात आले. गाव पांढरं. मैदानावर घोटाभर गार, तिच्यातून वाफ निघत होती आणि ठेचलेल्या कडुनिंबाचा कडू वास सगळीकडं. श्वास घेतला की दात ठणकायचे. एकाही घरावर धड छपर नव्हतं. गव्हाचं शेत होतं तिकडं काही नव्हतं. गहू नव्हता, शेत नव्हतं, नुसता कापूस पिंजून टाकल्यासारखा पसारा. लोक बाहेर येत होते. एक बाई आपल्या अंगणातल्या गारा सुपानं उचलून बाहेर टाकत होती. एक सूप, दुसरं सूप. तिला कुणी थांबवलं नाही.

सोनाबाई लंगडत आली. कपाळाला पदराचा बोळा धरलेला.

"म्हातारा हाय का?"

"हाय."

"शेळी मेली माही." मग जरा थांबून, "पोरगी बरी हाय. खाटेखाली कोंबली होती, तिथी बसून गारा खाऊन रायली, सटवी." तिनं मामाजींचा हात पाहिला आणि आवाज खाली आणला. "फुला, दार लाव. लोकं विचारून रायले शिंगी काऊन थांबली म्हणून. बागेकडून खाट आणून रायले."

दार लावून उपयोग नव्हता. कडी होती ती भिंतच पडली होती. मी माझं जुनं पातळ फाडून मामाजींचा खांदा बांधला. बांधताना त्यांनी ओठ चावला. माझी पाठ जळजळत होती. म्हटलं, गारा लागल्या असतील.

ते आले. पुढं केशवराव, हातात काठी. मागं चौघांनी उचललेली खाट, तिच्यावर घोंगडी. घोंगडीखालून एक पाय दिसत होता, बूट घातलेला. दुसऱ्या पायात नुसता मोजा. त्यांच्यामागं निम्मं गाव. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा कान. त्यांनी खाट आमच्या अंगणात गारांवर ठेवली.

"शिंगी काऊन थांबली?" केशवराव म्हणाले. ओरडले नाहीत.

"पाटील, त्याले आधी दवाखान्यात न्या," मामाजी आतून म्हणाले.

"रस्त्यावर बाभळी आडव्या हायत. काढून रायले लोकं. शिंगी काऊन थांबली ते सांग. मनोहर बागेत होता. मजूर पळाले, त्याहिनं याले म्हटलं चाल. हा म्हणे, शिंगी ऐका, बुवा उभा हाय, एवढे दोन झाडं तोडून घेऊ." त्यांचा आवाज मधेच घोगरा झाला. "मंग थांबली शिंगी. आन मंग मोठ्या पडल्या."

मोठ्या त्याआधीच पडत होत्या. पण त्या वेळी त्यांना ते सांगायला मीही धजले नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "पाटील, तिकडं पाहा."

पश्चिमेला दुसरा ढग वर येत होता. पहिल्याइतकाच उभा.

मग गर्दी वेगळीच झाली. आतापर्यंत ती विचारत होती. आता तिला शिंगी हवी होती. गावातले दोन दांडगे जण, शेषराव आणि त्याचा भाऊ, सरळ आत घुसले. "उठ गोम्या. पुन्हा उभा राय." त्यांनी मामाजींना दंडाला धरून उचललं, मोडक्या खांद्याच्या दंडाला. त्या दिवशी मामाजी पहिल्यांदा ओरडले.

माझ्या हाताला चुलीची लोखंडी फुंकणी लागली. मी ती शेषरावाच्या बोटांवर घातली. काडी मोडावी तसा आवाज झाला आणि तो बोटं काखेत धरून खाली बसला. त्याच्या भावानं मला थोबाडीत मारली. मी फुंकणी पुन्हा उचलली तोच केशवरावांची काठी आली. ती माझ्यावर नव्हती. मामाजींच्या बांधलेल्या खांद्यावर ती एकदा पडली, दोनदा पडली.

"म्या ओढलं त्याहिले," मी म्हणाले. "ते उभेच होते. म्या ओढून आणलं."

काठी वर गेलेली थांबली.

"तू?"

"हाव. तुमच्या गारेपायी माणूस मरू देऊ का?"

केशवराव माझ्याकडं असे बघू लागले, जणू त्यांना मी आत्ताच दिसले. त्या नजरेत राग होता, पण त्याहून जास्त होती ती सुटका. कुणाला तरी धरता येणार होतं.

"मंग रीत तुले माहीत हाय," ते म्हणाले. "ज्यानं ओढला त्यानं उभं रायचं. चाल."

त्यांनी माझी वेणी धरली. ढग आता कडुनिंबाच्या शेंड्यावर आला होता. वारा सुटला, बर्फावरून येणारा, सुरीसारखा. गर्दीतल्या बायांकडं मी पाहिलं. दोघी माझ्यासोबत रोज पाण्याला यायच्या. एकीनं तोंड फिरवलं. दुसरी म्हणाली, "उभी राय बाई थोडा वेळ. लेकरंबाळं हायत गावात." चांगली होती तशी ती.

मी उंबऱ्यापर्यंत आले होते.

"खोटं बोलून रायली थे," मामाजी म्हणाले.

ते भिंत धरून उभे होते. "तिच्यानं मी ओढला जातो का? पाहा तिच्याकडं. मीच उतरलो ओट्यावरून."

"काऊन?"

"भेलो."



"गारपगारी भेते?" केशवरावांनी माझी वेणी सोडली.

"भेला. शिंगी टाकली आन पळालो. जा, पाहून या, ओट्यापाशी पडली असन." त्यांनी ओठावरचं रक्त जिभेनं पुसलं. "आता मले उभा करान त करा. पण पळालेल्या गारपगाऱ्याले ढग वळखत नाई. हे बी रीतच हाय."

शेषरावाचा भाऊ धावत गेला आणि परत आला. त्याच्या हातात शिंगी होती, मधून दुभंगलेली.

केशवराव थुंकले. मग मारायला लागले. काठी टाकून, लाथांनी. चाळीस वर्षं ज्यांनी सुगीला ज्वारी दिली होती त्यांनीही एकेक लाथ घातली, जणू उसनं फेडायचं होतं. मी केशवरावांच्या हाताला चावले. रक्त येईतो चावले, तरी त्यांना कळलं नाही. शेवटी त्यांना थांबवलं ते सोनाबाईनं, आणि तेही त्यांना हात न लावता. ती खाटेपाशी गेली आणि घोंगडी बाजूला केली.

"केशव," ती म्हणाली, "याच्याकडं पाह्य जरा. गेला हा कव्हाचा."

केशवराव वळले. मनोहरचा चेहरा जसाच्या तसा होता, कानावरचा भाग सोडला तर. पापण्यांवर बारीक बर्फ होता. मनोहर गेलाय हे ठाऊक असूनच ते बाभळी, रस्ता असं बोलत होते, हे त्यांच्या तोंडाकडं पाहून मला कळलं. ते गारांत गुडघ्यांवर बसले आणि भावाच्या मोजा घातलेल्या पायाला दोन्ही हातांनी धरून ऊब द्यायला लागले.

"बुवानं सांगतलं होतं," ते पुटपुटले. "बोलवा म्हणे त्याले. म्या म्हटलं, शिंगी वाजून रायली."

खाट उचलली गेली. गर्दी तिच्यामागं निघून गेली. शेषराव तेवढा जाताना म्हणाला, "पळपुटा साला."

दुसरा ढग आमच्या डोक्यावरून पुढं गेला आणि नदीपलीकडच्या रानात कोसळला. गावात लगेच बोललं जाऊ लागलं की बरं झालं गोम्या उभा नव्हता, नाहीतर ढग चिडून इथंच बसला असता. पुढं मामाजी जगले तोवर पोरं त्यांना पळपुटाबुवाच म्हणायची. रस्त्यानं जाताना मागून कुणी तोंडानं शिंगी वाजवी. दयारामसुद्धा, पोटचा मुलगा, कधी पिऊन आला की म्हणे, उभं रायता येत नव्हतं त चढला कायले? मामाजी हुंकार द्यायचे आणि विडी पेटवायचे.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं, दिवेलागणीचं.

सोनाबाईनं मेलेल्या शेळीच्या मटणाचा वाडगा आणून दिला होता. म्हणाली, रडायचं ते उद्या रडू, आज शिजवून खा. फुटलेल्या छपराखाली मी चूल पेटवली, मामाजींना जवळ बसवलं आणि पाणी तापवून आडोशाला अंग धुवायला गेले. पातळ सोडलं. पुढून ते ओलं होतं, नुसतं ओलं. मागून, खांद्यापासून काठापर्यंत, फाटून चिंध्या झालेलं. त्यात चिखल, खडे, कडुनिंबाचा पाला घट्ट भरलेला. पाठीला हात लावला तर सालपटं निघालेली. मग खाली पाहिलं. माझ्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या. पावलं पुढून चांगली होती. टाचाच तेवढ्या, मांस दिसेपर्यंत.

जो ओढतो त्याच्या टाचा सोलवटत नाहीत.

तापवलेलं पाणी तसंच राहिलं. लुगडं गुंडाळून बाहेर आले. मामाजी डाव्या हातानं निखारे सारत होते.

"मामाजी, मले घरात कोणं आणलं?"

"तूच त आणलं मले. साऱ्या गावाले सांगतलं ना तू."

"माह्या टाचा सोलल्या हायत."

ते विस्तवाकडं वळले. एक लाकूड सरकवलं. पुन्हा मागं घेतलं.

"हे कुठी बोलू नोको," ते म्हणाले. "दयारामपाशी बी नोको. पळाला म्हणतात ते बरं हाय. सुनेपायी शिंगी थांबवली असं कळलं त मनोहरचं मरण तुह्या डोक्यावर टाकतीन. तुले इथंच जन्म काढाचा हाय. माहे काय, चार दिस."

"मंग तुमी भेले नोयते."

"भेलो. खोटं काऊन बोलू?" ते म्हणाले. "तू पडली आन हाललीच नाई. माह्या जन्मात एवढा भेलो नोयतो."

वाडग्यातलं मटण तसंच पडलं होतं. मी ते पातेल्यात टाकलं आणि चुलीवर ठेवलं. 

"पण शिंगी टाकाची काय गरज होती?" मी विचारलं. "गळ्यात अडकवाची. फुटली नसती."

मामाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की हिला एवढंही कसं कळत नाही.

"अडकवाले टाइम कुठी होता, व बाई? एकच हात कामाचा रायला होता," ते म्हणाले. "आन त्यात शिंगी होती."